चौथ्या पानावरचा रकाना

फॉर्मच्या चौथ्या पानावर विचारलं होतं:
देशातले सगळे उपाय संपले का?
मी ते चेचेनमध्ये सांगितलं.
याखिता हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.
म्हणाली, लिही, उपाय केव्हाच संपले,
रानलसूण अजून आहे.

तिच्या पिशवीतून खोलीभर त्याचाच वास.
बर्फ उतरलं की ती डोंगर चढते,
जुड्या बांधून ग्रोझनीच्या बाजारात विकते
आणि उरलेल्या वेळात दारं ठोठावते.
एका दारानं सांगितलं, असा कुणी नव्हताच.
दुसऱ्यानं, होता, पण आमच्याकडे नाही.
तिसऱ्यानं दोन जुड्या ठेवून घेतल्या,
पावती दिली नाही.
मी सात दारं लिहिली, तारखांसकट.

आप्ती, वय एकोणीस.
पहाट. चिलखती गाडी, नंबरावर चिखल फासलेला.
पायात बापाचे रबरी बूट.
हे ती दर वेळी सांगते,
आणि मी दर वेळी समासात लिहिते,
कारण बुटांसाठी रकाना नाही.

सही करण्याआधी तिनं विचारलं,
त्या स्ट्रासबर्गच्या कोर्टाकडे शिपाई किती?
एकही नाही.
तुरुंग?
नाही.
मग आमचं सरकार त्यांचं का ऐकेल?
सही केलीय म्हणून.
कुणासमोर?
बाकीच्या सरकारांसमोर.
ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली,
आमच्या गावातही तसंच.
चार जणांत दिलेला शब्द मोडला
तर कुणी मारायला येत नाही.
फक्त त्या घरात कुणी पोरगी देत नाही.
मी पाच वर्षं कायदा शिकले होते.
इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

सहा वर्षं.
आप्तीला एक नंबर मिळाला,
पाच आकडे, तिरकी रेघ, साल.
सरकारचं उत्तर आलं: नेणाऱ्यांची ओळख पटलेली नाही.
पुन्हा आलं: पटलेली नाही.
याखिताचा एक दात पडला, म्हैस मेली,
धाकटी सासरी गेली.

मग निकाल.
मी मोठ्यानं वाचत गेले.
राज्यानं जगण्याचा हक्क मोडला.
राज्यानं नीट चौकशी केली नाही.
आणि आईला जी वाट पाहायला लावली,
तोही छळच.
तिनं हात वर केला.
हे त्यांनी लिहिलंय? वाट पाहणं?
हो. परिच्छेद एकशे अकरा.
नंबर घालून?
नंबर घालून.
तिनं पदराच्या जागी डोक्यावरचा रुमाल सारखा केला
आणि सुनेला म्हणाली, चहा टाक.

त्याच्या आधीच्या पानावरची एक ओळ मी गाळली होती.
शब्द शोधतेय असं दाखवलं होतं.
इतक्या वर्षांनंतर अर्जदाराचा मुलगा
मृत मानावा लागेल.
अख्ख्या जगात ज्या एका खोलीनं
तो होता, त्याला नेलं, हे कबूल केलं,
त्याच खोलीनं.
चहा झाल्यावर वाचली.
‘मानावा लागेल’वर जोर दिला,
व्याकरणामागे जेवढं लपता येतं तेवढी लपले.

पैसे वेळेवर आले, पै न् पै.
जागा कुणी सांगितली नाही.
तिकडे अजूनही अधूनमधून
देशोदेशींची माणसं एका टेबलाशी बसतात,
आमच्या सरकारला विचारतात, चौकशीचं काय?
चालू आहे, सरकार म्हणतं.
नोंद होते. पुढची तारीख पडते.
मी यावर चिडायचे.
आता वाटतं, निदान विचारतात.
निदान ‘नाही’ म्हणायची
सरकारला अजून लाज वाटते.

या मार्चमध्ये ती पुन्हा आली.
गुडघे धरलेत, लसूण नातीच्या पाठीवर.
बसली, दम घेतला.
त्यांना बुटांचं कळवलंस का?
मी म्हटलं, समासात होतं, कदाचित कुणी...
समासात नको, ती म्हणाली. वेगळं पत्र घाल.
काळे. डाव्याच्या टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
खोदणारे कधीतरी खोदतीलच.
रबर लवकर कुजत नाही.